देवी नव्हे, अर्धशिशी

आमचा रविवार शनिवारी संध्याकाळीच सुरू होतो. मेथी उपटायची, सांबार म्हणजे कोथिंबीर उपटायची, केळीच्या सोपटाने जुड्या बांधायच्या आणि ओल्या पोत्याखाली रात्रभर झाकून ठेवायच्या. पहाटे उठून वांगी तोडायची, डोक्यावरून अंघोळ करायची, भाकरी बांधून घ्यायची आणि ऑटोने मंगरूळपीरचा भाजीबाजार गाठायचा. आठवड्यातून हा एकच दिवस मी माझ्या मर्जीने बसते, माझ्या मर्जीने भाव सांगते आणि पाहिजे तेवढं ओरडते. मला तो दिवस फार आवडतो.

त्या रविवारी केस पुसता पुसता डाव्या डोळ्यासमोर चमचम सुरू झाली, उन्हात टिनपत्रा चमकतो तशी. मी लगेच ओळखलं. अर्धशिशी. लग्नाआधी मला ती यायची. लेकरं झाल्यावर थांबली आणि मी तिला विसरूनही गेले. ती मात्र मला विसरली नव्हती.

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. "आत्याबाई, मायं डोकं लय दुखून राह्यलं. डोया उघडवत नाही," मी म्हटलं.

"डोकं कोनाचं दुखत नाही वं? मायं त रोजच दुखते," त्या तव्याकडे पाहतच म्हणाल्या. "च्या घे अन् चाल."

नवऱ्याने तर हसून घेतलं. "बराबर बाजाराच्याच दिवशी दुखते बरं तुयं!" त्याला येता येणार नव्हतं. शेतातली विजेची लाईन त्या आठवड्यात सकाळची होती आणि हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं.

ताप असता तर कोणी हात लावून पाहिला असता. पाय मोडला असता तर सगळी गल्ली जमली असती. पण डोक्यात घण पडतात ते कोणाला दिसणार? मला एवढंच हवं होतं की कोणीतरी ते खरं मानावं. कोणी मानलं नाही, तेव्हा मला राग आला, आणि राग आला की माझं ठरलेलं असतं. म्हटलं, जातेच आता. पाहू काय होते ते.

अंबाडा बांधायला गेले तर एकेक केस दुखत होता. ओले केस तसेच पाठीवर मोकळे सोडले. कपाळावर ओला दुपट्टा करकचून बांधला. ऑटोत मळमळेल म्हणून हुंगायला एक लिंबू मुठीत धरलं. एवढं ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

बाजारात माझ्या शेजारी एक कांदेवाला बसतो. त्याच्याकडे भोंगा आहे. एकदा आवाज भरून ठेवला, की दिवसभर 'कांदा घ्या, कांदा' चालू. एरवी मी त्याच्याहून जोरात ओरडते, म्हणून आमचं जमतं. त्या दिवशी मी म्हटलं, "दादा, थोडा कमी कर न. मायं डोकं फुटून राह्यलं."

"बाजार हाये ताई, दवाखाना थोडीच हाये!" तो म्हणाला, आणि भोंगा माझ्याकडे तोंड करून तसाच राहिला.

मी डोळे मिटून बसले. पुढे-मागे झुललं की जरा हलकं वाटायचं, म्हणून झुलत राहिले. तोंडातून आपोआप 'हूं, हूं' निघत होतं. दुपट्टा ढिला होऊन गळ्यात आला होता. त्याच्या पाण्याने कपाळावरचं कुंकू उतरून कपाळभर पसरलं होतं, हे मला कुठे माहीत?

पापण्यांच्या फटीतून दिसलं, मेथीची जुडी उचलायला वाकलेली एक म्हातारी तशीच थबकली. तिने जुडी खाली ठेवली आणि हात जोडले. "माय! कोन्या गावची आई वं तू? काय पायजे तुले?"

मला आधी काही कळेना. कपाळाला हात लावला तर बोटं लाल. मग डोक्यात उजेड पडला. मोकळे ओले केस, कपाळभर मळवट, मुठीत लिंबू, मिटलेले डोळे आणि वरून घुमणं. अंगात यायला आणखी काय लागतं?

"गप बसा," मी म्हटलं. "लय आवाज होऊन राह्यला."

सगळी ओळ गप्प झाली. कोणीतरी दटावलं, "आई सांगून राह्यली, भोंगा बंद कर!" कांदेवाल्याने भोंगा बंद केला आणि चपला काढून हात जोडले. कोणी माझ्यावर छत्री धरली, कोणी पुठ्ठ्याने वारा घालू लागलं. एका बाईने माझ्या वांग्यांवर नारळ ठेवला.

खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. तशीच झुलत बसले असते तर संध्याकाळपर्यंत कोणी चूं केलं नसतं. थोडा वेळ बसलेही. पण आतून संताप उसळत होता. देवीशी माझं भांडण नाही, नवरात्रात उपास मीही धरते. पण बाई म्हणाली डोकं दुखतं, तर चहा घे आणि चाल. देवी म्हटलं की लगेच छत्री!

तेवढ्यात मागच्या ऑटोने उरलेली वांगी घेऊन आत्याबाई आल्या. लोकांनी त्यांना वाट करून दिली आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी टोपली खाली ठेवली, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्या पायांवर डोकं टेकवलं. सकाळी ज्यांनी तव्यावरून नजर उचलली नव्हती, त्यांनी!

मी डोळे पुरते उघडले. उजेड सुईसारखा आत गेला.

"उठा आत्याबाई. देवी-बिवी कोनी नाही आली. सकाळी सांगतलं तेच हाये." मग सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं ओरडले, "ऐका सारे जन! अंगात काई नाही आलं. अर्धशिशी हाये. बाईमान्साचं डोकं हाये, तेबी दुखते!"

माझाच आवाज माझ्या डोक्यात आपटला. पण शब्द परत घेतला नाही.

लोक हिरमुसले. छत्री गेली, पुठ्ठा गेला. नारळवालीने नारळ उचलून पिशवीत टाकला. कांदेवाल्याने चपला घातल्या आणि भोंगा पुन्हा सुरू केला, मला तर तो पहिल्याहून मोठा वाटला.

आत्याबाई तिथेच उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी पदराने माझं कपाळ पुसलं. "एवढं दुखते?"

"सकाळी काय सांगून राह्यली होती मी?"

उत्तरासाठी मी थांबले नाही. म्हटलं, बाजार गेला उडत. जुड्यांच्या मागे रिकामी पोती अंथरली आणि तोंडावर पदर ओढून आडवी झाले. सुनेने भरबाजारात सासूसमोर आडवं होणं आमच्याकडे शोभत नाही. नाही तर नाही.

पदराखालून आत्याबाईंचा आवाज ऐकू आला. "ए बाप्पा, तो भोंगा बंद कर. मायी सून बिमार हाये."

"बाजार हाये मावशी, दवाखाना..."

"मंग तुलेच लागन दवाखाना."

मी पदराच्या फटीतून पाहिलं. त्यांच्या हातात आमच्या तराजूचं किलोचं वजन होतं.

भोंगा बंद झाला.