केळीच्या खोलीतला कोंबडा

मातीच्या बाहुल्या हलवून सिनेमा करणारा जिल्ह्यातला पहिला माणूस म्हणून माझा दोन-तीनदा सत्कार झाला आहे. पहिला हे खरं. पण दुसरा अजून कोणी झालेला नाही, म्हणजे शेवटचाही मीच, हे शाल घेऊन आलेल्यांच्या लक्षात येत नाही आणि मी आणून देत नाही. त्या पहिल्या सिनेमाचा शेवटचा शॉट मी कसा घालवत आणला होता, ते मात्र मलाच सांगायला हवं. त्यात दुसऱ्या कोणाचा हात नव्हता.

आमच्या कामाची माती शेतातली नसते. रंगीत, तेल-मेण घातलेली असते. वाळत नाही, पण तापली की ढेपाळते. बाहुली केसभर हलवायची, एक फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची. बारा फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद जातो. कळसाडीत घरी काम सुरू केलं तेव्हा माझा नायक सकाळी तरुण असायचा आणि जेवणाच्या वेळेपर्यंत त्याचे गाल छातीवर आलेले असायचे. एप्रिलमधलं आमचं ऊन मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. जन्म तिथेच गेला. पण ते मातीलाही लागतं, हे कळायला मला दोन नायक लागले.

मग शहाद्यातला माझा शाळासोबती कामी आला. त्याचे पणजोबा राजस्थानातून इकडे आले, आता त्याचा केळीचा मोठा व्यापार आहे. कच्ची केळी पिकवायच्या त्याच्या थंडगार खोल्या होत्या, त्यातली एक आठवडाभर रिकामी राहणार होती. ती त्याने मला दिली. एकच अट घातली: माल आला की तुझी माती बाहेर. केळी आत गेली की गॅस सोडतात, दार बंद करतात आणि मग ते मध्येच कोणासाठी उघडत नाहीत.

सिनेमाची गोष्ट डोंगरातल्या मोलगीच्या वरच्या पाड्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी सांगितलेली. एका माणसाने डोंगराला हाक मारली, डोंगराने ती परत दिलीच नाही, ठेवून घेतली. माणूस मुका झाला. शेवटी तो डोंगराला कोंबडा देतो आणि त्याचा आवाज सुटतो. गोष्ट देताना बाबांनीही एक अट घातली होती. कोंबडा दिलेला दिसला पाहिजे; तो नसेल तर हा सिनेमा माझ्यापुढे लावू नकोस. ते गमतीने बोलत नव्हते. दोन वर्षं मी त्या गोष्टीवर काढली होती आणि त्यांच्यापुढे ती लावता आली नसती, तर ती दोन वर्षं मी मातीशी खेळलो, एवढंच म्हणता आलं असतं.

सातव्या दिवशी सगळं झालं होतं, फक्त कोंबडा राहिला होता. सकाळी सोबत्याचा फोन आला. ट्रक एक दिवस आधी निघाला होता. ब्राह्मणपुरीपर्यंत पोचलाय, वाटेत आणखी माल भरून तीनपर्यंत येईल, खोली मोकळी ठेव. तेव्हा अकरा वाजले होते. नऊ सेकंदांचा शॉट, म्हणजे शंभरावर फोटो. सेट उचलून दुसरीकडे नेता आला नसता. डोंगर मी फळीवर थापून बसवला होता आणि दाराबाहेर बेचाळीस अंश होतं.

मी सुरू केलं. माणूस कोंबडा पुढे धरतो, खाली ठेवतो, विळा काढतो. साडेबारापर्यंत चाळीसेक फोटो झाले. विळा मानेपासून बोटभर लांब होता. आणि दार उघडलं.

सोबत्याची आई. ऐंशीच्या घरातली, पांढरी साडी, हातात माझ्यासाठी ताकाचा तांब्या. शहाद्यातच वाढलेली, त्यामुळे आमची अहिराणी माझ्यापेक्षा चांगली बोलायची. सेटवर वाकून तिने माणूस पाहिला, विळा पाहिला, कोंबडा पाहिला.

"काय करी ऱ्हायना रे तू?"

इथे शहाणा माणूस ताक प्यायला असता. आमच्या कामात डोळे मिटलेलं, चोच उघडलेलं असं प्रत्येक तोंड वेगळं करून ठेवतात आणि धडावर बदलतात. कोंबड्याची मुंडकी तारेवर बसवलेली होती. मी हसत म्हणालो, मातीना शे माँजी, हाई दखा. आणि तिच्या डोळ्यांदेखत त्याचं मुंडकं पिरगळून हातात काढून दाखवलं.

तिचा तांब्या तिरपा झाला, ताक सांडलं. ती रिकाम्या क्रेटवर मटकन बसली. मला वाटलं, चक्कर आली. चक्कर नव्हती. त्यांच्या जैन घरात साखरेचा पोपटही कोणी मोडून खात नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्यांच्याकडे होळीला मिळालेली साखरेची चिमणी मी एकदा कडकन चावली होती, तेव्हा सगळं घर गप्प झालं होतं. हे सगळं माहीत असून मी मुंडकं हातात धरून उभा होतो.

"मातीना शे ते काय व्हयनं?" ती हळू बोलली. "तुन्हा मनमा ते तो जित्ता शे ना. जित्ता शे म्हनीसन तर मारी ऱ्हायना."

दोन वर्षं मी नेमकं हेच लोकांना सांगत फिरत होतो, की माझ्या बाहुल्या जिवंत असतात.

सोबत्याला फोन लावला. तो म्हणाला, आईने नाही म्हटलं ना, मग मला विचारू नकोस. आणि ट्रक वाटेत आहे. माँजी काही उठेना. तिचं म्हणणं सरळ होतं: या खोलीत हे होणार नाही आणि होत नाही ना हे बघायला ती इथेच बसणार. शिवाय थंडीने गुडघे धरतात, म्हणून दार उघडं. दारातून ऊन आत आलं, माझ्या जपून लावलेल्या दिव्यांची वाट लागली आणि कोंबड्याचा तुरा मऊ पडायला लागला. मी तिला दार लावू देता का विचारलं. तिने नुसतं माझ्या हातातल्या मुंडक्याकडे पाहिलं.

"पहिले त्यानी मुंडी लाव."

लावली. सव्वा वाजला होता.

तो मोलगीच्या बाजाराचा दिवस होता, एवढंच नशीब. बाबा ज्या चहाच्या टपरीवर बसत तिथला नंबर माझ्याकडे होता. टपरीवाल्याने बाबांना शोधून आणेपर्यंत वीस मिनिटं गेली. तेवढ्यात तुरा एका बाजूला कलंडला. बाबा फोनवर आले आणि मी अडचण सांगितली. कापणं दाखवता येत नाही, जागा दुसऱ्यांची आहे, त्यांच्यात चालत नाही. मला वाटलं, संपलं.

मग ते म्हणाले, कापणं दाखव असं मी कधी म्हटलं?

मी म्हणालो, कोंबडा दिलेला दिसला पाहिजे असं म्हणालात.

ते म्हणाले, देणं म्हणजे दाणे टाकणं. पुढे दाणे टाकायचे आणि गप्प बसायचं. कोंबड्याने टिपले तर देवाने घेतला. नाही टिपले तर कितीही विळा चालव, तो दिलेला नाही. "मग कापतात ते आपल्याला खायचं म्हणून. देव काय रस्सा पितो?"

दोन वर्षांत ही एक गोष्ट मी त्यांना विचारली नव्हती. विळा मी स्वतःच्या मनाने घातला होता, नाट्य म्हणून.

माँजीला सांगितलं. दाणे टिपणार, एवढंच. तिने विचारलं, नंतर? नंतर सिनेमा संपतो, मी म्हणालो. तिने होकारार्थी मान हलवली, पण उठली नाही. मी चाळीस फोटो पुसले, विळा काढून टाकला, मोहरीएवढे दाणे वळून टाकले. पावणेदोन. आता हलवायची ती फक्त मान, त्यामुळे काम भराभर होणार होतं. दार उघडंच. आता प्रत्येक फोटोत ऊन थोडं पुढे सरकलेलं असणार होतं आणि त्यावर उपाय नव्हता. मान केसभर खाली, फोटो. केसभर खाली, फोटो. माती इतकी मऊ झाली होती की पंचावन्नाव्या फोटोनंतर मान माझ्या हाताशिवायच झुकायला लागली. मी हात मागे घेतला आणि ती जाईल तशी जाऊ दिली. माँजी मागे क्रेटवरून माझ्या बोटांवर नजर ठेवून होती. तिला वाटत होतं, मी फसवीन. ट्रकचा हॉर्न ऐकू आला तेव्हा चोच दाण्यापासून नखभर लांब होती. हमाल दारात आले. माँजीने त्यांना बसल्या जागेवरून हात करून थांबवलं. शेवटचे सात फोटो मी सहा माणसांसमोर काढले.

शहरांत तो सिनेमा दाखवला तेव्हा लोकांनी शेवटच्या उजेडाबद्दल विचारलं. कोंबडा झुकतो तसा एका बाजूने उजेड वाढत येतो, देव आल्यासारखा. हे कसं सुचलं? मी नम्र चेहरा करून सांगायचो, डोंगरातलं ऊन बघत बघत सुचलं.

मोलगीला शाळेच्या एका वर्गात खिडक्यांना घोंगड्या लावून दाखवला. बाबा पुढे बसले होते. कोंबड्याने दाणा टिपला, माणसाचा आवाज सुटला. बाबांनी मान डोलवली, म्हणाले, पोचला. मग ते माझ्याकडे वळले.

"दार कोणी उघडलं?"

मी खरं ते सांगितलं. मुंडकं, ताक, क्रेट, सगळं. ते खूप हसले. मग विचारलं, त्या बाईला सिनेमा दाखवलास का?

मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला लागलो.