भर दुपारचा अंधार

इंग्रजी रहस्यकथा मराठीत आणता आणता भाषांतरकारबाईंची पाठ मोडून गेली होती. त्यात घरी आई. म्हातारी हल्ली दोन घासांवर ताट सरकवायची आणि वर काहीतरी टोचून बोलायची. वय झालं की माणूस किरकिरं होतंच, असं बाई म्हणायच्या. असं म्हटलं की पुढचा विचार करायची कटकट नसते.

त्या दिवशी संपादकांनी बोलावून घेतलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं: ‘“बघशील तू,” तो अंधारात म्हणाला.’

“बाई, मंडळी बागेत दुपारचं जेवतायत. मधेच ग्रहण लागलं का?”

बाईंनी मूळ पान पाहिलं. ‘डार्कली’. डार्क म्हणजे अंधार. थकलेल्या हाताने पुढचं आपोआप लिहून टाकलं होतं.

“उद्या सकाळी नीट करून आणा,” संपादक म्हणाले. “नाहीतर पुढचं पुस्तक मला दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल.” माणूस वाईट नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

संध्याकाळी घरी त्यांनी शब्दकोश उघडला. गूढपणे, खिन्नपणे. गूढ बोलायला तो काही ज्योतिषी नव्हता, आणि खिन्न म्हणाल तर बाईच होत्या. कंटाळून त्यांनी आईचं पान वाढलं. आईने नेहमीसारखं ताट सरकवलं.

“अगं, एवढंच?”

“माझ्यासाठी फार शिजवत जाऊ नकोस आता,” आई म्हणाली. “वायाच जाणार आहे.”

“झालं तुझं सुरू?” बाई सवयीने म्हणाल्या आणि ताट उचलता उचलता थबकल्या. हाच तो सूर. अर्धं बोलायचं, आणि त्यातलं वाईट ते ऐकणाऱ्यावर सोडून द्यायचं. ताट तिथेच टाकून त्या टेबलाकडे धावल्या.

‘“बघशील तू,” तो म्हणाला, आणि पुढचं पोटातच ठेवलं.’

वाक्य झकास जमलं होतं. पुस्तक आता हातचं जात नव्हतं. बाईंनी ते वाक्य खुशीत मोठ्याने वाचून पाहिलं, आणि शेवटच्या शब्दांपाशी त्या अडखळल्या. स्वतःची लाज वाटली.

त्या परत आत गेल्या. आई ताटासमोरच बसून होती, एक हात पोटावर दाबून.

“आई, कधीपासून दुखतंय?”

“तू मागचं पुस्तक करत होतीस ना,” आई म्हणाली, “तेव्हापासून.”