निरांजन लांब ठेवा

दत्ताराव गेले आणि सगळे त्यांच्याबद्दल गोडगोड बोलू लागले. मला ते जमणार नाही. आमच्या घरचे जावई, माझ्या नणंदेचे, सुमनचे यजमान. जिवंत होते तोवर तोंडावर बोलता आलं नाही, म्हणून आता बोलते. मला हा माणूस आवडत नव्हता. नात म्हणते, "आजी, श्रद्धांजलीत असं छापत नाहीत." छापतील! शेवटची भेट रोह्याला, त्यांच्या घरी. नाकाला नळी, खाटेशेजारी ऑक्सिजनचा बाटला. मी देवापुढे उदबत्ती लावायला काडी ओढणार, तर खाटेवरून खेकसले, "वहिनी, लांब! बाहेर जा!" बोलायला दम नव्हता, ओरडायला होता. पेणहून एवढी एसटीने आले होते ती त्यांच्या तोंडून एकच वाक्य ऐकायला... 'वहिनी, तेव्हा तुमचं नुकसान झालं, वाईट वाटलं.' मिळालं काय, तर बाहेर जा.

दत्ताराव मुंबईच्या विमानतळावर मालवाहू विमानांत धोक्याचा माल चढवायच्या कामावर होते. ॲसिड, रंग, बॅटऱ्या, कंपन्यांची पिंपं... कशाशेजारी काय ठेवायचं नाही, कुठलं पिंप उडत्या विमानात हाताशी हवं, सगळं पाठ. ते ज्ञान तिथंच ठेवावं की नाही! माझ्या लेकीच्या लग्नात आचाऱ्याच्या टेम्पोतले आडवे टाकलेले गॅसचे बाटले उतरवून उभे बांधायला लावले. वऱ्हाड भुकेलं, आणि हे दोरीच्या गाठी ओढून बघतायत.

पेणजवळ जोह्याला आमचा गणपतींचा कारखाना. त्या वर्षी पहिल्यांदा आमच्या मूर्ती विमानाने परदेशी निघाल्या. तेव्हाची मी म्हणजे काय विचारू नका! आरशापुढे उभी राहून 'एक्सपोर्टर' म्हणून बघायची. नवी पर्स घेतली होती, आत कुंकवाची डबी आणि बसचं सुटं. प्रवासात मूर्तीचं बोट, कान खरचटतोच, म्हणून सोबत सोनेरी रंग आणि थिनरची बाटली द्यायची, ही आमच्याकडची रीत. टेम्पोत देतो तशी विमानातही दिली, कागदावर न लिहिता, पेंढ्यात नीट गुंडाळून. पेंढा आणि थिनर! एक्सपोर्टरबाईंची अक्कल. दत्तारावांनी एक खोका हुंगला आणि सगळा माल विमानातून खाली उतरवला.

ते सुटीला घरी आले तशी मी पोह्याच्या पापडांचा डबा घेऊन धावत रोह्याला. "दत्ताराव, घरचा माल हाय. तुम्ही बघितलाच नाय असं समजा." त्यांनी पापड भाजायला लावला, खाल्ला, दुसरा मागितला... आणि म्हणाले, "सांगून आलेल्या मालाला मी जागा देतो, वहिनी. लपून आलेल्याला नाय. वर आग लागली तर पायलट गाडी कडेला घेणार काय?"

"अहो, गणपती हाय तो!"

"गणपती वाचेल. पायलटचं काय?"

बाटल्या काढून, खोके पुन्हा बांधून माल पोचला तोवर तिकडे विसर्जन होऊन गेलं होतं. त्या गिऱ्हाइकाने आम्हाला परत तोंड दाखवलं नाही. नवी शेड बांधायची राहिली ती राहिलीच. त्यांचं बरोबर होतं, ते मला त्याच दिवशी कळलं होतं. म्हणून तर जास्त राग. पण बरोबर असलेल्या माणसाला जरा हळहळता येत नाही काय?

परवा पुन्हा रोह्याला गेले. त्यांच्या खोलीतली खाट काढलीय, भिंतीवर फोटो लावलाय. बाटला मात्र कोपऱ्यात तसाच. दुकानवाला न्यायला आलेला नाही. सुमन फोटोपुढे निरांजन ठेवायला वाकली.

"लांब ठेव गो!" मी खेकसले.

"वहिनी, रिकामा हाय तो बाटला."

"असू दे. बाहेर ओट्यावर ठेव."

सुमन निरांजन उचलून बाहेर गेली. आता दिवा ओट्यावर आणि जावईबापू आत अंधारात. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! जाताना दारातून डोकावून बघितलं. फोटोतलं तोंड तसंच, बरोबर असल्याचं. मेला हळहळला नाही तो नाहीच.