मामाच्या आधीचा घास

माझं अक्षर वाईट आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडे राहिलेले मराठी; शाळा झाली ती चौथीपर्यंत, आणि तीही तमिळ. ही बाळबोध अक्षरं आजोबांनी पाटीवर गिरवून घेतली, भजनं वाचता यावीत म्हणून. ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. वाचताना अडाल तिथं माझी चूक समजा आणि पुढं जा.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, माहेरी आईला नाही. देवापुढं उभी राहते तेव्हासुद्धा ह्यांच्या खोकल्याचं सांगते, पावसाचं सांगते. तोंड उघडलं की दुसरंच काही येतं. लिहिताना निदान समोर कोणी तोंडाकडे बघत नाही — म्हणून लिहून बघते आहे.

कुठून सुरू करू? रघूपासून करते.

रघू माझा नव्हे. माझ्या धाकट्या जावेचा, कमळेचा. माझं लग्न तिच्या कितीतरी आधीचं, पण माझी कूस उजवली नाही. रघू झाला आणि कमळेला दूध पुरेना. तेव्हा मामंजींनी इन्नंबूरच्या अंजलै नावाच्या बाईला आगाऊ पैसे देऊन गाय घ्यायला लावली. तिनं रोज सकाळचं दूध आमच्या घरी आणून द्यायचं आणि दुधातच हळूहळू पैसे फेडायचे, असं ठरलं. पितळेचा लोटा पदराखाली झाकून ती शेतातून चालत कुंभकोणमला यायची. दारातूनच विचारायची, "राजा उठला का?" जसं काही घरात दुसरं कोणी राहतच नव्हतं.

आमच्या घरी स्वयंपाक सोवळ्यात, आणि तो माझ्याकडे. सोवळ्यात असताना मला कोणी शिवायचं नाही, मुलांनीसुद्धा नाही. पण ज्या बाळाच्या तोंडाला अजून अन्न लागलेलं नाही त्याला विटाळ नसतो, असं आमच्यात मानतात. म्हणून कमळा रघूला खुशाल माझ्या मांडीवर आणून टाकायची. "घे अक्का, तुझा देव तूच सांभाळ, मला जरा पाठ टेकू दे." एका हातानं आमटी ढवळायची, दुसऱ्या हातानं त्याला धरायचं. त्याच्या जावळाला फोडणीचा वास यायचा. देवाला नैवेद्य दाखवतानाही तो माझ्या कडेवर असायचा.

मग त्याला सहावा महिना लागला आणि सासूबाईंनी उष्टावणाचा दिवस काढून आणला. तंजावरहून त्याचा मामा येणार होता. चांदीच्या वाटीत खीर, अंगठीला लावून मामानं पहिला घास द्यायचा. त्या दिवसानंतर रघू सोवळ्याला चालणार नव्हता. अन्न खाल्लं की तोही आपल्यातलाच.

सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्या वेळेला तू आत स्वयंपाकघरातच राहिलीस तर बरं, हो. पहिला घास आहे. मनाला लावून घेऊ नकोस." किती हळू म्हणाल्या! त्या रागानं बोलल्या असत्या तर मला उलट बोलता तरी आलं असतं. नसतं आलं. मी कोणाला कधी उलट बोलले आहे?

उन्हाळ्याचे दिवस होते. रात्रीचा उरलेला भात पाण्यात घालून मागच्या ओसरीवर ठेवलेला असायचा. शिळा म्हणून तो आत चालत नसे. दुपारी घर निजलं की मी तिथं बसून तो खायची, ताक आणि लिंबाच्या लोणच्याबरोबर. कमळा झोपलेली, म्हणून रघू माझ्याच मांडीवर. माझा हात पानावरून तोंडाकडे गेला की त्याचे डोळे हाताबरोबर जायचे. ओठ हलायचे.

मी दोन शितं बोटांत चुरडली आणि त्याच्या जिभेवर ठेवली.

त्यानं ती जिभेनं बाहेर ढकलली. मी पुन्हा ठेवली. पुन्हा बाहेर. मग एकदा गिळली, आणि माझ्याकडे बघून हसला. मी सगळ्या घराला रोज वाढते, पण त्या दिवशी वाटलं, माझ्या हातचं आज कोणीतरी जेवलं.

एकदाच झालं असं लिहिणार होते. लिहिलं तर तुम्हाला कुठं कळणार आहे? पण एकदा नाही. मी रोज दिलं. त्याचं तोंड पुसायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला तसाच सोवळ्यात, देवाजवळ न्यायची.

उष्टावण थोड्या दिवसांवर आलं आणि रघूला जुलाब सुरू झाले. संध्याकाळपर्यंत डोळे आत गेले, टाळू खोल गेली. रडायचं त्राणही राहिलं नाही. डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, "दुधाशिवाय पोटात काही गेलं का?"

सासूबाईच म्हणाल्या, "अहो, अजून उष्टावण व्हायचंय त्याचं!"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, कारण बाळ माझ्याच हातात होतं. मी मान हलवली. नाही म्हणून.

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण त्या भातानं पोट बिघडलं असेल, हे तेव्हा माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मला वाटलं, अन्न खाल्लेलं पोर मी सोवळ्यात देवाला शिववलं, त्याचा हा कोप. त्याला डॉक्टर काय करणार? मी आपला उपास धरला.

"मग दूधच नीट नसणार," डॉक्टर म्हणाले. दूध बंद करून बार्लीचं पाणी द्यायला सांगितलं.

दुसऱ्या सकाळी अंजलै नेहमीसारखी आली. मामंजींनी तिला पायरीही चढू दिली नाही. तिच्या हातातला लोटा गटारात उपडा केला. "तळ्याचं पाणी घालतेस दुधात? माझ्या नातवाच्या?" ती आधी गटाराकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "सामी, गाईच्या पाठीवर हात ठेवून सांगते. एक थेंब नाही, सामी." मी दाराआड होते. राजा कसा आहे, हे तिनं त्यातही विचारलं.

आणि आता जे लिहायचं आहे, त्यासाठीच कागद घेऊन बसले आहे.

दूध बंद झालं आणि रघूला उतार पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो जरा डोळे उघडून बघायला लागला. अंग मात्र गरम, ओठ सुकलेले. भाताचं पाणी थंड असतं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. कमळेचा डोळा लागला होता. मी ओसरीवरच्या भांड्यातलं पाणी चमच्यानं त्याला पाजलं. पोटाला थंडावा मिळेल म्हणून. दुसरं काही मनात नव्हतं, खरंच —

संध्याकाळी पुन्हा सगळं सुरू झालं, आधीपेक्षा वाईट.

दूध तर बंद होतं. मग आता कशानं? घरात एकाही माणसानं हा प्रश्न विचारला नाही. सासूबाई म्हणाल्या, "त्या बाईचं विष अजून पोटात आहे लेकराच्या." कमळा भिंतीला डोकं टेकून रडत होती. मला मात्र त्या क्षणी कळलं. सगळं कळलं.

मी ओसरीवर जाऊन भांडं रिकामं केलं. चमचा राखेनं घासला, धुतला, पुन्हा घासला, आणि जागेवर ठेवला. बोलले नाही.

कशाची भीती होती? घराबाहेर काढतील याची? नाही हो. कमळा रघूला पुन्हा माझ्या मांडीवर देणार नाही, एवढीच.

रघू वाचला. पुष्कळ दिवस नुसता हाडांचा सापळा होता, पण वाचला. उष्टावण पुढं ढकललं होतं, ते झालं. मी आत स्वयंपाकघरात होते. मामानं खीर तोंडाला लावली, ती त्यानं लगेच गिळली आणि पुन्हा तोंड उघडलं. बाहेर हशा पिकला. "अरे, हा तर मामाचं कोठार रिकामं करणार!" मी आत पानं पुसत होते. एकच पान पुसत होते.

अंजलैला गाय विकावी लागली. घाईत विकलेल्या गाईला किती येणार? बाकीचे पैसे अंगावर राहिले. मामंजींनी ते सोडले नाहीत. ती लावणीची मजुरी, गोवऱ्यांचे पैसे, भात कांडल्याचे, असे साठवून मागच्या दारानं आणून देऊ लागली. घ्यायला मीच असायची. तिच्या हातातून माझ्या हातात. माझ्या कानात तेव्हा आईनं दिलेल्या कुड्या होत्या. अजून आहेत.

दर वेळी विचारायची, "राजा कसा आहे, अम्मा?" मी रघूला हाक मारायची. ती त्याच्याकडे लांबूनच बघायची, हात लावायची नाही.

एकदा पायरीवर बसून म्हणाली, "मी खूप आठवून बघते, अम्मा. त्या दिवसांत लोटा मीच घासत होते की पोरीला सांगत होते, आठवत नाही. माझ्याच हातून काही राहिलं असेल. गाय गेली ते बरं झालं. पोर राहिलं ना!"

मी तोंड उघडलं. अगदी उघडलं होतं. आणि म्हणाले, "ताक घेतेस का थोडं?"

ती घेते म्हणाली. ओंजळीत ओतलेलं प्यायली आणि गेली.

मामंजी आता थकले आहेत. रघू शाळेत जातो. माझ्या हातचं जेवतो, तेही मला लोणचं मागून मागून. परवा अंजलै आली. पदराची गाठ दातानं सोडून तिनं पैसे पायरीवर ठेवले. काही जुने आणे, काही हे सरकारचे नवे पैसे. ते तिला कळत नव्हते.

"तुम्ही शिकलेल्या, अम्मा. तुम्हीच मोजा आणि सांगा."

मी मोजले. ती माझ्या बोटांकडे बघत होती.

"आता काही राहिलं नाही ना?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "नाही. सगळे फिटले."