चिकाचा सदरा

सावद्याचा जीवराम सातवी शिकला, पण त्याच्या बागेतल्यासारखा केळीचा घड आजूबाजूला कोणाकडे पडत नव्हता. हे तो स्वतःच सांगायचा, आणि खोटं नाही सांगायचा. केळीपेक्षा जास्त तो सांगायचा धाकट्या भावाचं. वडील गेले तेव्हा पंडित चौथीत होता. पुढचं सगळं जीवरामनं केलं. चित्रं काढून पोट भरतं का, असं कोणी विचारलं की म्हणायचा, "तुमच्या पोरांनी वह्या खराब केल्या, माह्या भावानं भिंती चांगल्या केल्या."

अठ्ठ्याऐंशी साली पंडित जळगावच्या चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता. वर्षाच्या शेवटी पोरांच्या कामाचं प्रदर्शन भरलं. "भाऊ, कापणी तोंडावर आहे, तुम्ही नका दगदग करू," असं पंडित सांगून गेला होता. भावाला आपली किती काळजी, असं म्हणत जीवरामनं जीपच ठरवली. बायको बेबाबाई, शेजारचा तोताराम, गावातले वजनदार उखर्डू नाना, सगळ्यांना बसवलं. स्वतः परीटघडीचं धोतर आणि नवी टोपी.

हॉलमध्ये शिरल्यावर तोताराम एका भिंतीपाशी थबकला.

"जीवराम, हा तुहा सदरा हाये ना?"

लाकडी चौकटीत एक सदरा खिळ्यांनी ताणून बसवला होता. अंगभर काळे डाग. केळीचा घड कापला की चीक गळतो, आणि त्याचा डाग कोणत्याच साबणानं जात नाही. म्हणून सावद्याकडे कापणीच्या कपड्यांचा जोड वेगळा असतो. तो बागेतल्या झोपडीत खुंटीवर राहतो. तो घालून माणूस गावात येत नाही आणि पाहुण्याच्या नजरेस तो पडू देत नाहीत. खिशावर निळं ठिगळ होतं. बेबाबाईनं आपल्या पोलक्याचं कापड लावलेलं. तिनं पदर तोंडाशी धरला.

"गावात कोणाले दाखवत नाही, ते जळगावले टांगलं," तोताराम हसला.

जीवरामनं पुढे होऊन निळ्या ठिगळाला बोट लावलं. मग त्याची छाती फुगली.

"बघा नाना. लोक देवाचे फोटो लावतात. माह्या भावानं मले भिंतीवर चढवलं."

तेवढ्यात पंडित नाशिकच्या परीक्षकांना घेऊन त्या चौकटीपाशी आला. बोलण्याच्या नादात त्याचं मागे लक्ष नव्हतं.

"हा एका मजुराचा सदरा आहे सर. एका बागेच्या बांधावर पडलेला मिळाला. माणूस कोण, माहीत नाही."

"म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत राबणारा. स्वतःचं काहीच नाही."

"हो सर. तेच दाखवायचंय."

परीक्षकांनी मान डोलावली आणि मागच्या मंडळींकडे बघितलं. "हे कोण?"

पंडित वळला. त्याचा चेहरा पांढरा पडला. बेबाबाई त्याच्याकडे बघत होती, नाना बघत होते.

"गावाकडचे आहेत सर. बघायला आलेत."

जीवराम पुढे झाला. आवाज नेहमीसारखाच मोठा.

"साहेब, या सदऱ्याचा माणूस मी ओळखतो. मजूर नाही तो. सात एकर बाग हाये त्याची, सोताची विहीर हाये. त्याची केळी वॅगन भरून दिल्लीले जाते. आन् त्यानं एक भाऊ शिकवला."

"असं? काय करतो भाऊ?"

"ते मले नाही माहीत."

आणि तो बाहेर पडला. जीप सुरू झाली तेव्हा पंडित धावत आला.

"भाऊ, सरांना असंच लागतं. पहिला नंबर मिळणार आहे."

"मिळू दे. तो सदरा सोडव. परवा कापणी हाये."

पंडितनं मागे हॉलकडे बघितलं. "उद्या बक्षीस आहे भाऊ. ते झालं की आणून देतो."

जीवरामनं मान पुढे वळवली. ड्रायव्हरला चल म्हणाला. नशिराबादेत चहाला थांबले. तोताराम एकदा तोंड उघडणार होता, नानांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. जीपमध्ये परत बसताना बेबाबाई हळूच म्हणाली, "मी दुसरा शिवते."

"शिव," जीवराम म्हणाला. "आन् पंडितची खाट माजघरातून काढ. तिथं खतं ठेवू."