उंदरांचे झटके

नाशिकरोडला माझं सायबर कॅफे होतं, तेव्हा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातला एक कामगार दर रविवारी यायचा. बुटांना राख असायची, म्हणून ते दाराबाहेर काढून ठेवायचा. त्याच्या मुलीला फिट्स यायच्या आणि कुठलंच औषध लागू पडत नव्हतं. भांगेच्या झाडात कॅनॅबिडायॉल नावाचा काही पदार्थ असतो, त्यावर संशोधन चाललंय, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. इंग्रजी पानं मी वाचून दाखवायचे.

"ताई, यानं नशा नाय ना होत?" हे तो दर वेळी विचारायचा. महाशिवरात्रीला भांगेचा प्रसाद आला तरी मुलीला देत नसे.

"नाही होत. उंदरांचे झटके कमी झालेत म्हणे. माणसांचं अजून नक्की नाही."

घरून फोन येईल म्हणून मोबाइल मुठीत धरून, खुर्चीच्या कडेवर टेकून तो ऐकायचा. फोन आला की बूट हातात घेऊनच पळायचा.

मध्ये काही महिने आलाच नाही. आला तेव्हा खुर्चीत मागे रेलून बसला. हात रिकामे होते.

"आज घाई नाही वाटतं?" काय विचारून बसले मी!

"आता कसली घाई, ताई," तो म्हणाला. "पण वाचा तुम्ही. उंदरांचं पुढं काय झालं?"