इंग्रज आलेच नव्हते

त्या दिवशी धाडच्या आमच्या घरात होतो ते एवढेच: माही सासू, सासरा, ननंद अन् मी. धामणगाव बढ्याहून ननंदेले पाहाले आलेला पोरगा, त्याचा बाप अन् मामा. माहे मालक खडी फोडायले गेलते. दुष्काळाचं साल होतं. काम बुडालं तं चुलीवर काई चढत नव्हतं.

ननंदही खडी फोडे. आधी आलेले पाहुणे तिच्या हाताचे घट्टे पाहून गेले, ते गेलेच. हे ठिकाणही गेलं तं पोरगी घरीच राहीन, असा सासूनं धसका घेतलता.

मध्यस्थानं सांगून ठेवलं होतं की पोराचा बाप इंग्रजाच्या काळात जेलात जाऊन आलेला हाये, पोरीले त्याच काळाचं इचारते. ननंदेची शाळा चौथीतच सुटलेली. घरात शाळेचं पुस्तक नाई. सासू बाजारात फुटाणे इके, पुड्यासाठी रद्दी आणे. त्या रद्दीत चित्राच्या गोष्टीचे पुस्तकं आलते, सारे एकाच माणसाच्या गोष्टीचे. तो एका चाकावर बसून मागच्या काळात जाये अन् झालेलं बदलवून टाके. एका पुस्तकात पडलेला किल्ला पडतच नाई. एकात तो इंग्रजाचं पह्यलं जहाजच बुडवते. ननंद वाचे, मी आयकू. मले वाचता येत नाई. सासू म्हणे, छापलं हाये म्हंजे सरकारनं पाह्यलंच असंन. ननंदेनं तेच पाठ केलं.

गुळाचा चहा झाला. पोराच्या बुढ्या बापानं इचारलं, “सांग पोरी, इंग्रज आपल्या देशातून काऊन गेले?”

ननंद म्हणे, “गेले नाई बाबा. ते आलेच नव्हते. त्यांचं जहाज बुडालं.”

मामाची बशी तोंडापाशीच थांबली. पोरगा खाली पाहून हसून राह्यला. बुढ्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.

“मंग मी जेलात कोणासाठी बसलो वं?”

“तुमचं काई त्यात लेहेलं नाई.”

सासू मांगून तिले चिमटे घेऊन राह्यलती, चुकलं म्हण म्हणून. ननंद उठली अन् पुस्तकच घेऊन आली. बुढ्यानं चष्मा लावला अन् पह्यल्या पानापासून वाचाले बसला. मामा म्हणे उठा, एसटी जाईन. बुढा हालला नाई. वाचून झाल्यावर त्यानं ननंदेले इचारलं, इंग्रज आलेच नाई, तं जेलातले लोक कुठी होते मंग.

“घरीच असतीन. वावरात.”

बुढा म्हणे, “माही माय मेली तवा मी जेलात होतो. मले घरी येऊ नाई देल्लं.”

ननंद हात पदरात लपवायचे इसरली. तिनं पान उलटून बोट ठेवलं. “हे पाहा, हे चाक. याच्यावर बसलं की जाता येते.”

मामा पुटपुटला, पोरगी येडी हाये.

“असू दे येडी,” बुढा म्हणे. “मी जेलाची गोष्ट काढली की आपल्या घरातले सारे उठून जाते. हे पोरगी बसली तरी.”

पोराले इचारलं तं त्यानं हाव म्हणायले येळ लावला नाई.

मंग देण्याघेण्याची गोष्ट निघाली. सासऱ्याचं तोंड उतरलं. बुढा म्हणे, ते पुस्तकं पोरीसंगं पाठवा, दुसरं काई नको. सासू किती तरी दिवस सांगत फिरे की माही पोर रद्दीवर गेली. पर एक पुस्तक तिनं आदल्याच बाजारात पुड्यात खपवलं होतं. ननंदेनं ते वाचलंही नव्हतं. बुढा मरेपर्यंत त्या पुस्तकासाठी सुनेले घेऊन दर बाजारात रद्दीचे ढीग उपसत गेला. दोघं सासरा-सून ढिगापाशी उकिडवे बसून भांडत, पर संगंच जात.

ननंद आता म्हातारी झाली. रद्दी दिसली की अजूनही बसते. चाकावर बसलेल्या माणसाचं चित्राचं जुनं पुस्तक कोणाच्या घरी असंन तं वाचायले द्या. वाचून परत करू.